घोडी टेम्पोतून येते

परभणीत आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, गाद्या, स्टेज, जनरेटर, आणि लागलीच तर वरातीची घोडी. सोबत एक छोटा हत्ती, म्हणजे सामान वाहायचा छोटा टेम्पो, आणि तो चालवणारा मामू. मामूचं वय आणि छोट्या हत्तीचं ॲव्हरेज, दोन्ही विचारायचं नाही असा आमच्याकडं नियम आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडं शेंबडं पोरगंही छाती काढून म्हणतं. नेमकं कशात, असं कुणी विचारलं की मात्र आम्ही चहा मागवायचो. पेट्रोलनं ती अडचण दूर केली. एके काळी सगळ्यात महाग पेट्रोल कुठं, तर परभणीत! चॅनलवाले आले, पंपावरच्या आकड्याचं शूटिंग केलं, आणि मागं उभा असलेला माझा भाचा दोन सेकंद टीव्हीवर दिसला. कारण म्हणावं तर साधं आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघतो, तीनशे किलोमीटरच्या आसपास डिझेल जाळत येतो आणि आम्हाला डिझेल देतो. टँकरनं पिऊन उरलेलं आम्ही पितो, असा हा मामला.

तर २०२२ सालच्या जानेवारीत जिंतूरकडचे एक गुरुजी दुकानात आले. निवृत्त, गणिताचे. मोठ्या मुलीचं लग्न एप्रिलात. तास-दीड तास घासाघीस करून सत्तर हजाराला ठरलं. मंडप, बिछायत, हळदीला आणि लग्नाला जनरेटर, घोडी, आणि (हे मी माझ्या हातानं वहीत लिहिलं) 'वाहतुकीसह'. गुरुजींनी इसार दिला, वहीवर सही केली आणि त्या शब्दाखाली पेनानं दोन रेघा ओढल्या. मास्तर माणूस. कुठं रेघ ओढायची ते त्यांना बरोबर कळतं.

माझंही काही चुकलं नव्हतं. दिवाळीत केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क पाच रुपयांनी आणि डिझेलवरचं दहा रुपयांनी उतरवलं होतं, आणि त्यानंतर भाव जागचा हलला नव्हता. पाच राज्यांत निवडणुका होत्या. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, कच्चं तेल १३० डॉलरच्या पुढं गेलं, तरी आमच्या पंपावरचा आकडा समाधी लावून बसलेला. असे १३७ दिवस गेले. मला वाटलं, भाव सुधारला. वाया गेलेलं पोरगं लग्नानंतर सुधारतं तसा.

१० मार्चला निकाल लागले. २२ मार्चला सकाळी सहा वाजता डिझेल ऐंशी पैशांनी वाढलं.

हे ऐंशी पैसे ज्याच्या डोक्यातून निघाले त्याला खरंच मानलं पाहिजे. पूर्वी भाव रात्री बारापासून वाढायचा. आदल्या रात्री पंपावर ही रांग लागायची. घरातली लूना, स्कूटर, शेजाऱ्याची मोटारसायकल, सगळं भरून घ्यायचं आणि साठ रुपये वाचवल्याच्या आनंदात बाहेर शंभराची भजी खायची. निदान एक रात्र सरकारला हरवल्यासारखं वाटायचं. जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा भाव. आता रांग लावायची तर रोज लावावी लागेल. आणि ऐंशी पैशांसाठी मोर्चा तरी कोण काढणार? एकदम पाच रुपये वाढले की बैलगाड्या निघतात, चौकात चूल मांडून भाकरी थापतात. ऐंशी पैशाला बैलसुद्धा जुंपून घेत नाही. गंमत म्हणजे, पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी २०११ सालीच बंद झालेली. म्हणजे ऐंशी पैसे नाण्यांत देताच येत नाहीत. फक्त वाढवता येतात.

आणि वाढायला लागले. २३ ला वाढले. २४ ला वाढले नाहीत, तर मलाच चुकल्यासारखं झालं. मग २५ पासून रोज. १ एप्रिलला पुन्हा काही नाही, तेव्हा मामू पंपावरच्या पोराला म्हणाला, "बेटा, एप्रिल फूल मत बना, सच्ची बता." दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आम्ही आंघोळ करून गुढी उभारेपर्यंत भाव आधीच उभा राहिलेला. सोळा दिवसांत चौदा वेळा वाढून ६ एप्रिलला थांबला तेव्हा लिटरमागं दहा रुपये चढले होते आणि डिझेलनं आमच्याकडं शंभरी ओलांडली होती.

या सोळा दिवसांत मी गुरुजींना फोन करायला चौदा वेळा मोबाईल हातात घेतला. पण म्हणायचं काय? "गुरुजी, ऐंशी पैसे वाढले, तेवढं बघा"? मुलीच्या बापाला असं म्हणवत नाही. उद्या करू, जरा आकडा मोठा होऊ दे, असं म्हणत राहिलो. आकडा मोठा झाला तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि पत्रिका वाटल्यावर भाव वाढवणारा मंडपवाला गावात पुन्हा पाय ठेवू शकत नाही.

शेवटी एका रात्री वही-कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. जिंतूरकडं जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. सामान नेणं-आणणं मिळून चार फेऱ्या. भरलेला छोटा हत्ती पंधराचं ॲव्हरेज देतो असं धरलं (मामूनं खोकून नापसंती दाखवली), म्हणजे चोवीस लिटर. दोन दिवसांचा जनरेटर चाळीस लिटर. एकूण चौसष्ट. गुणिले दहा. सहाशे चाळीस रुपये.

मी कॅल्क्युलेटर पुन्हा पुसून पाहिला. सहाशे चाळीसच! एवढ्यासाठी मी सोळा रात्री कूस बदलत काढल्या होत्या. त्या रात्री मी मस्त झोपलो. ती शेवटची.

सकाळी मंडप बांधणारी पोरं आली. आठ जण. "शेठ, गाडीला पेट्रोल परवडंना. रोजी पन्नास वाढवा." आठ जणांचे तीन दिवसांचे बाराशे गेले. मग फुलवाला. मग गाद्यांच्या खोळी धुणारा. तो तर आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीतच राहतो, खोळी डोक्यावर घेऊन जातो. "डिझेल लई वाढायलंय शेठ," एवढंच म्हणाला आणि मान हलवत उभा राहिला, जसं काही आमच्या दोघांच्या नात्यातलं कुणी गेलंय. डिझेल मला महागात पडलं नाही. डिझेलचं नाव महागात पडलं.

सगळ्यात शेवटी घोडीवाला. दोन हजारांची घोडी पंचवीसशे झाली म्हणाला. आता मात्र माझा तोल गेला.

"का? तुझी घोडी डिझेल पिते का रे?"

"घोडी टेम्पोतून येते, शेठ."

मी गप्प. खरंच की! जिंतूरपर्यंत घोडी चालवत नेली तर वरातीत नवरदेवच तिला ओढील. घोड्याला पर्याय म्हणून गाडी आली, आणि आता घोडा गाडीत बसून येतो आणि भाडं मागतो.

आमचे नाना हे सगळं ओट्यावर बसून ऐकत होते. धंदा त्यांनी सुरू केला तो बैलगाडीवर. म्हणाले, "आमच्या टायमाला सुगी झाली की कडब्याचा भाव ठरायचा. वर्षभर तोच. बैल कधी सकाळी सहाला उठून म्हणला नाही की आजपासून चार पेंढ्या जास्त टाक." त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण बैलाला ठरल्या वेळी जिंतूरला पोहोचवा म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे ते सांगत नाहीत.

उदगीरचे आमचे साडू वेगळेच. त्यांना कर्नाटकाची हद्द जवळ. तिकडं तेव्हा कर कमी, त्यामुळं तेल आपल्यापेक्षा बरंच स्वस्त होतं. रोज रात्री पावतीचा फोटो पाठवायचे, खाली हसरं तोंड. तिकडं जाऊन टाकी भरून यावं असं माझ्याही मनात आलं. हिनं विचारलं, "जाऊन-येऊन किती किलोमीटर?" तीनशेच्या वर. "म्हणजे पानेवाडीच्या टँकरसारखंच की." पुढं ती काही बोलली नाही. बोलायची गरज नव्हती.

काटकसर सुरू केली. सिग्नलला इंजिन बंद. दुकानात जायला सायकल काढली, तर चौकातल्या चौघांनी "डॉक्टरनी सांगितलं का?" म्हणून विचारलं आणि पाचव्यानं कुठल्या डॉक्टरनी ते विचारलं. उतारावर गाडी न्यूट्रल करायचं मामूनं ठरवलं, पण परभणीत उतार कुठाय? सगळं सपाट. एक उतार सापडला तो आमच्याच गोदामाचा.

लग्न झालं. चांगलं झालं. घोडी नाचली. दुसऱ्या दिवशी हिशेबाला गेलो तेव्हा गुरुजी ओसरीवर चष्मा लावून बसलेले, समोर आहेराच्या पाकिटांचा ढीग. उरलेले पैसे मोजून दिले. मी वही मिटली. विषय काढायचाच नाही असं ठरवून गेलो होतो.

"थांब," गुरुजी म्हणाले. "चार फेऱ्या केल्यास?"

"व्हय."

"जनरेटर?"

"चाळीस लिटर."

त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडणी केली. हातचे घेत, बोटानं ओठ चोळत. मी पाहत राहिलो. "सहाशे चाळीस होतात. ठरलं तेच ठरलं, खरं तर. पण गणित आलं की सोडवतो मी." आणि एकावन्न, एकशे एक अशा पाकिटांना चिकटवलेले एक-एक रुपये खरवडून काढून ठेवलेले होते, त्यातले सहाशे चाळीस त्यांनी माझ्या टॉवेलात मोजून ओतले. काहींना अजून डिंक आणि कुंकू होतं.

परतताना पंपावर थांबलो. पोरानं टॉवेल उघडून पाहिला, माझ्याकडं पाहिलं, मामूकडं पाहिलं. मग मोजायला बसला. मागं हॉर्न सुरू. एक रुपया बोटाला चिकटला तो सुटेना. सहाशे चाळीस रुपयांत जेमतेम सहा लिटर आलं.

२१ मे च्या रात्री केंद्रानं पुन्हा उत्पादन शुल्क कमी केलं. २२ तारखेच्या सकाळी डिझेल सातेक रुपयांनी उतरलेलं. घोडीवाल्याला फोन लावला, तर म्हणाला, "शेठ, टेम्पोवाला उतरवंना ना." मग पोरांना विचारलंच नाही. खोळी धुणारा समोरूनच आला आणि आभाळाकडं बघत निघून गेला.

साडेसहाला माझाच फोन वाजला. गुरुजी.

"अरे, धाकटीचं जमलंय. वही उघड. आजचा भाव लिही, आणि आधी वाहतुकीसह लिही."