कुडकुडायचं, पण गणवेशात

थंडी पडली की ठाणेकराने सर्वांत आधी आनंद व्यक्त करायचा असतो. पारा सोळावर आला, की बाल्कनीतून येऊरच्या डोंगराचा फोटो काढावा आणि खाली 'गुलाबी थंडी' असं लिहावं. फोटोत डोंगर दिसला नाही तरी चालतं. तो का दिसत नाही, हे विचारू नये. या दिवसांत वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतची गार हवा वर उठायचं नाव घेत नाही. मग घोडबंदर रोडची धूळ, ट्रकचा धूर आणि कोपऱ्यावर दुधाच्या पिशव्यांसकट पेटवलेली शेकोटी, सगळं आपल्या नाकाच्या उंचीवर मुक्कामाला येतं. त्याला आपण धुकं म्हणतो आणि कॉफी पीत त्याच्याकडे बघतो.

पुण्याची नणंद फोनवर हसेल. 'सोळाला तुम्ही स्वेटर घालता?' अशा वेळी तिला शांतपणे सांगावं, की २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश होतं. आपण तेव्हा जन्मलो नव्हतो हे सांगायची गरज नाही.

आता आठवडा कसा काढायचा ते बघू. घरात दोन नोकऱ्या, दुसरीतला एक मुलगा, गुडघे धरलेल्या सासूबाई आणि पंधरा लिटरचा एक गीझर असेल, तर हा सल्ला खास तुमच्यासाठी आहे.

सोमवारी पाचला उठा. खरं म्हणजे रविवारी झोपूच नका, तेवढंच सोपं जातं. नवरा ऐरोलीहून रात्री दोनला येतो, कारण त्याच्या साहेबांचा दिवस अमेरिकेत उजाडतो. सकाळी गीझरच्या बटणापाशी आपली भेट होते. तिथेच संसाराचे महत्त्वाचे निर्णय घ्या. पहिलं गरम पाणी सासूबाईंना, दुसरं मुलाला, तिसरं नवऱ्याला उठल्यावर. आपल्या वाट्याला येतं त्याला कोमट म्हणावं, म्हणजे मनाला बरं वाटतं.

मुलाची बस सहा-वीसला. जानेवारीच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. (सगळ्यांत उशिराचा सूर्योदय बावीस डिसेंबरला असतो असं मलाही वाटायचं. बसस्टॉपवर रोज उभं राहिल्यावर कळलं की संक्रांत झाली तरी तो अजून मागेच सरकतोय.) म्हणजे मूल बसमध्ये चढतं तेव्हा सूर्याला अजून तासभर झोप शिल्लक असते. सूर्य शाळेत जात नाही, त्यामुळे त्याला परवडतं.

इथे कुणीतरी म्हणेलच, की चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवायच्या नाहीत असं सरकारने सांगितलंय ना? सांगितलंय. मुलांची झोप पुरी व्हावी असं तेव्हाचे राज्यपाल बोलले, त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला, आपण सगळ्यांनी तो एकमेकांना पाठवला आणि खाली टाळ्या वाजवल्या. ज्या शाळांना अडचण असेल त्यांनी ती शिक्षणाधिकाऱ्यांना सांगावी, अशी सोयही त्यात होती. तेव्हा आदेशावर पूर्ण विश्वास ठेवा आणि गजर पाचचाच राहू द्या.

मंगळवारी आजारी पडू नका. शुक्रवारसाठी राखून ठेवा.

हळदीकुंकवाचं वेळापत्रक आधीच करा. रथसप्तमीपर्यंत सोसायटीतली चौदा घरं, माहेरची तीन, ऑफिसातलं एक. ऑफिसातून साडेसातला आल्यावर तशाच चपला घालून बी विंगला जा. अत्तर, गुलाबपाणी, तिळाचा लाडू आणि वाण घेऊन परत या. वाणात आलेला प्लॅस्टिकचा डबा पुढच्या वर्षी आपल्याला वाण म्हणून देता येतो, फक्त कुणी दिला होता ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

लोकलचं काही सांगत नाही. तिकडे कर्जत-कसाऱ्याला धुकं पडलेलं असतं, इकडे आपण ठाण्याच्या पुलावर. तुम्हाला माहीत आहे.

बुधवार. आता जरा नीट बसा.

शाळेचा स्वेटर हा शाळेच्याच दुकानातून घ्यायचा असतो. नेव्ही ब्लू, डाव्या छातीवर शाळेचं चिन्ह. ते दुकान शोधायला वेळ लागत नाही, कारण ते एकच असतं. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावं. दुकानदार म्हणेल, 'तीस नंबर संपलाय, पुढच्या आठवड्यात येईल.' पुढच्या आठवड्यात जावं. तो अठ्ठावीस दाखवेल आणि म्हणेल, 'वूलन आहे, खेचला जातो.' मुलाला घालून बघावा. हात कोपरापाशी संपतात. मग चौतीस दाखवेल, 'वाढत्या अंगाचा आहे, दोन वर्षं बघायला नको.' त्यात माझा मुलगा आणि त्याचं दप्तर, दोन्ही मावत होते. नाव आणि नंबर वहीत लिहून परत यावं. डिसेंबरमध्ये तीनदा फोन करावा. डिसेंबर संपतो. वही तिथेच असते.

दरम्यान घरी सासूबाईंनी सुया काढलेल्या असतात. त्यांनी दुखऱ्या बोटांनी महिनाभरात विणलेला स्वेटर तपकिरी आहे, कारण घरात तपकिरी लोकर शिल्लक होती. मान उंच, हात लांब. तो ऊबदार आहे. चूक हीच झाली. स्वेटर ऊबदार असावा असं शाळेच्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही, नेव्ही ब्लू असावा असं लिहिलंय.

बुधवारी गेटवर त्याला तो काढायला लावला. काढून दप्तरात ठेवायला लावला. मग प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, सुविचार आणि वाढदिवस असलेल्या मुलांसाठी टाळ्या, असं मिळून पंचवीस मिनिटं मुलं उघड्या मैदानावर. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. हे मला शाळेने सांगितलेलं नाही. संध्याकाळी दप्तरातून डबा काढताना तो स्वेटर हाताला लागला, काखेत दोन टाके सुटलेला, पण नीट घडी घातलेला. दुसरीतल्या मुलाने स्वतःच्या हाताने घातलेली घडी. विचारलं तर म्हणाला, 'बाई म्हणाल्या, रंग चुकलाय.'

माझ्या आईबाबांनी मला वाढवताना बऱ्याच चुका केल्या, पण रंग चुकल्याचं मला कुणी ऐकवलं नव्हतं.

तर सल्ला असा, की अशा वेळी चिडू नये. शिस्तीचं महत्त्व समजून घ्यावं. आज तपकिरी चालू दिला तर उद्या कुणी हिरवा घालून येईल, परवा मुलांना ऊब लागेल, आणि मग देशाचं काय होईल? सासूबाईंना काही सांगू नये. त्यांना सांगावं की स्वेटर सगळ्यांना फार आवडला. मी तसंच सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, 'मग बाईंच्या मुलीसाठी पण एक करू का?'

त्याच बुधवारी रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला. उद्या विंटर वंडरलँड डे. प्रत्येक मुलाने स्नोमॅन बनून यायचं आहे. अंगभर बर्फ, गाजराचं नाक, तीन काळी बटणं. लाल मफलर सक्तीचा.

पुन्हा वाचा. मीही चारदा वाचला. सकाळी ज्या गेटवर स्वेटर काढला, त्याच गेटवर उद्या मफलर सक्तीचा. आणि बर्फ. ठाण्यात. ज्या मुलांनी बर्फ म्हणून फक्त गोळेवाल्याच्या गाडीवरचा कालाखट्टा बघितलाय, त्यांनी कॅनडातली थंडी साजरी करायची, आणि अंगाला लागते ती जानेवारीची थंडी दप्तरात घडी घालून ठेवायची. आपल्याकडे या दिवसांत भोगीची भाजी होते, बाजरीची भाकरी, सोलाणे, वांग्याचं भरीत. तीळ लावलेली भाकरी घेऊन या म्हणाले असते तर सासूबाईंनी आनंदाने चाळीस पोरांच्या भाकऱ्या थापल्या असत्या. पण भाकरीचा फोटो शाळेच्या पानावर तितकासा उठून दिसत नसावा.

पावणेअकराला कापूस कुठे मिळतो? औषधाच्या दुकानात एक रोल होता, तो आमच्या आधी दुसरी 'ब'मधल्या दुसऱ्या एका बाबाने नेला. आम्ही जिन्यात एकमेकांकडे असं बघितलं जसं रेशनच्या रांगेत बघतात. शेवटी सासूबाईंनी देवघरातला वातींचा कापूस काढून दिला. आठ दिवसांच्या वाती स्नोमॅनच्या पोटावर गेल्या. नवऱ्याच्या पांढऱ्या बनियनवर फेव्हिकॉल, त्यावर कापूस, बटणांना काळा कागद. गाजर हलव्यासाठी आणलेल्या जुडीतलं. एक वाजता काम संपलं. नवरा दोनला आला तेव्हा हॉलमधल्या खुर्चीवर टांगलेला स्नोमॅन बघून दचकला. त्याला समजावून सांगण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती.

गुरुवारी सहाला कापूस चढवताना मुलाने एकच प्रश्न विचारला. 'हे गेटवर काढायला सांगणार नाहीत ना?'

शुक्रवारी त्याला ताप आला. एकशे एक. डॉक्टरांकडे एकविसावा नंबर, बाकावर सगळी ओळखीची तोंडं, निम्मा वर्ग तिथेच भरलेला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, सध्या सगळीकडे चाललंय. खरं आहे. ताप थंडीने येत नाही, विषाणूने येतो, एवढं मलाही कळतं. तापाचं खापर मी कुणावर फोडत नाहीये. ऑफिसात सुट्टी मागताना साहेब म्हणाले, 'परत?' तेवढ्यात फोनवर शाळेचा निरोप, गैरहजर मुलांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडावं. सर्टिफिकेटचे डॉक्टरांनी वेगळे पैसे घेतले. शांतपणे द्यावेत. फोनवर त्याच वेळी मावशींचाही निरोप येतो, हळदीचं दूध आणि डिंकाचे लाडू दिले असतेत तर ही वेळ आली नसती. त्यांना नमस्काराचं चित्र पाठवावं.

शनिवार-रविवार विश्रांतीचा असतो. कपड्यांचे चार लॉट, जांभळी नाक्यावरून खारीक, मेगाब्लॉक. झाला.

आता सल्ले पुरे.

मला एक सांगा, एका सात वर्षांच्या पोराच्या अंगातला स्वेटर काढताना कुणाचाच हात का थबकत नाही? गेटवरच्या मावशींचा नाही, बाईंचा नाही. त्या स्वतः शाल पांघरून उभ्या असतात. शालीचा रंग कुणी बघितला? नियम करायचा होता तर आधी स्वेटर द्यायचा होता. दुकान तुमचं, रंग तुमचा, माल तुमच्याकडे नाही आणि शिक्षा माझ्या मुलाला. हा कसला नियम? ही निव्वळ दादागिरी आहे, आणि लहान मुलांवर करता येते म्हणून केलेली आहे. वर त्याच मुलांना कापूस लावून फोटो काढता? लाज वाटत नाही?

आणि आपण. हो, आपण, दुसरी 'ब'चे पालक. दहा चाळीसच्या त्या निरोपाखाली एकूण एकोणचाळीस उत्तरं होती. मी मोजली. 'नोटेड मॅम.' 'थँक यू मॅम.' 'सो एक्सायटेड मॅम.' एकानेही लिहिलं नाही की बाई, रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. त्याच दिवशी आणखी चार मुलांचे स्वेटर काढले होते, हे मला शुक्रवारी दवाखान्याच्या बाकावर कळलं. प्रत्येक आईला वाटत होतं की फक्त आपल्याच पोराचा काढला. मग गप्प का? पोराला त्रास देतील म्हणून. आता देत नाहीयेत का? खाली गेटपाशी उभं राहून शाळेला शिव्या घालायच्या आणि ग्रुपवर हात जोडायचे. ऑफिसात पाच हजार रुपयांचं बिल अडकलं तर चार मेल लिहिणारी माणसं आपण, इथे शेपूट घालतो.

एकोणचाळिसातलं सव्विसावं 'नोटेड मॅम' माझं होतं. कापूस शोधायला निघताना लिफ्टमध्ये टाईप केलं.

काल त्याचा ताप उतरला. काखेतले दोन टाके सासूबाईंनी भरून दिलेत. कशामुळे सुटले ते अजून त्यांना माहीत नाही, मी आज रात्री सांगणार आहे. उद्या सोमवारी तो तपकिरी स्वेटर घालूनच जाईल, बसने नाही, माझ्याबरोबर रिक्षाने. काढ म्हणाले तर मी गेटवरच उभी राहणार आहे, माझी आठ-तीनची गेली तरी. दवाखान्यातल्या चौघींना कळवलंय. दोघी येते म्हणाल्या, एकीने 'बघते' लिहिलंय, एकीने अजून वाचलेलं नाही.

तुम्ही पण या. सात वाजता, मुख्य गेट. स्वेटर घालून या, कुठल्याही रंगाचा. गार असतं त्या वेळी.