हिल हाउसवर बोलायचंय? मग वाचायची गरज नाही

भयकादंबरीवर अधिकारवाणीनं बोलायचं असेल तर काही पथ्यं पाळावी लागतात. परवा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाचनकट्ट्यात ती फुकटात शिकायला मिळाली. चर्चा होती एलिझाबेथ हँडच्या २०२३च्या 'अ हॉन्टिंग ऑन द हिल'वर. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनच्या 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' या कादंबरीतल्या त्याच झपाटलेल्या घरात, तिच्या वारसांच्या संमतीनं, नवी माणसं नेऊन सोडणारी कादंबरी.

पुस्तक नेहमी मागून न्यावं.

नेलेलं वाचू मात्र नये. सुरुवातीच्या चार पानांवर जिरावण मसाल्याचा पिवळा अंगठा उमटवावा (पोहे खाता खाता पानं उलटली की आपोआप उमटतो) आणि पुढचं पुस्तक कोरं करकरीत परत द्यावं.

चर्चेला बसल्या बसल्या "मी सिरीज पाहिलीये" हे जाहीर करा. मग १९५९ची मूळ कादंबरी वाचायच्या कटकटीतून सुटलात. खुशाल विचारा, "ती पाच भावंडं यात का नाहीत हो?" नाहीत, कारण ती २०१८च्या नेटफ्लिक्स मालिकेनं जन्माला घातलीत! जॅक्सनच्या एलेनॉर आणि थिओ बहिणी नाहीतच. झपाटलेल्या घरांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. माँटेग्यूनं पत्रं पाठवून बोलावलेल्या दोन परक्या बायका आहेत त्या. ह्यू क्रेन मालिकेतल्यासारखा त्यांचा बाप नव्हे, ऐंशी वर्षांपूर्वी ते घर बांधणारा माणूस. त्यानं एक कोन सरळ ठेवला नाही, म्हणून तिथली दारं उघडी राहत नाहीत. एवढं सांगायला तोंड उघडलं तर काय ऐकावं लागतं? "ते ठीक आहे ताई, पण भूत कुठाय?" अहो, अंधारात एलेनॉर थिओचा हात घट्ट धरून पडलेली असते. दिवे लागतात तर थिओ खोलीत पलीकडे, आपल्या पलंगावर. मग हात कुणाचा होता? जॅक्सन सांगत नाही. आता यात पांढरी साडी कुठे नेसवू?

शेवट मोठ्यानं सांगून टाका. चुकीचा असला तरी चालेल.

आणि हँडची ती नाटकवाली मंडळी? "काही पटली नाहीत बुवा," म्हणा आणि मोकळे व्हा. होली नाटककार, अनुदान मिळालेलं, तालमीसाठी घर भाड्यानं घेते. सोबत आलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपलं श्रेय दुसरा लाटणार. घराला तेवढंच पुरतं. इंदुरात जन्म काढून, हौशी मराठी नाटकाच्या तालमी पाहून, तुम्हाला हे पटत नाही?

छे, पुरे झाली थट्टा. मूळ कादंबरी अडीचशे पानांच्या आत संपते. मालिकेचे दहा भाग रात्र जागून बघायला वेळ असतो, सराफ्यातल्या खाऊगल्लीत तळलेल्या गराडूंसाठी ताटकळायला असतो, पुस्तकालाच नेमका नसतो. नसू दे, कुणी सक्ती केलेली नाही. पण मग "वाचलं नाही" म्हणा, आणि ज्यांनी वाचलंय त्यांना बोलू द्या.