‘सगळे कपडे एकावर एक चढवा’: बर्फातल्या ट्रेकच्या व्हायरल मेसेजमध्ये काय चुकतंय

डिसेंबर आला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपवर उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकची तयारी सुरू होते आणि त्यासोबत एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: निघतानाच सगळे कपडे एकावर एक चढवा, आत सुती बनियन घाला, मोज्यांचे तीन जोड घाला, डोकं झाकलं की निम्मी थंडी पळते, रात्री थोडी रम घ्या आणि गरम पाण्याची बाटली घेऊन झोपा. पहिल्यांदाच बर्फात जाणारी माणसं हे प्रमाण मानून सॅक भरतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘निघतानाच सगळे कपडे चढवा.’ सगळ्यांत जास्त त्रास होतो तो यामुळेच. ट्रेक सुरू होतो ते सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर आहे आणि शिखर ३,८०० मीटरच्या आसपास. इतक्या चढाला बाहेर उणे पाच असलं तरी अंगातून घाम निघतोच. जाड जॅकेट घालून चढणारा अर्ध्या तासात आतून भिजतो. चालताना ते जाणवत नाही, पण चहाला दहा मिनिटं थांबलं की हुडहुडी भरते, कारण पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय पिसांच्या जॅकेटची ऊब पिसांमध्ये अडकलेल्या हवेची असते. पिसं ओली होऊन गोळा झाली की ती हवाच उरत नाही.

चढताना अंगात थर्मल (कातडीलगतचा ऊबदार कपडा) आणि पातळ फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचं जॅकेट) पुरतं. वारा सुटला तर वरून विंडचीटर घाला, कारण उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला उणे २० सारखा लागतो. निघाल्यावर पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली, तर कपडे बरोबर आहेत असं समजा. पंधरा मिनिटांनी सॅक आणि पाठ यांच्यामध्ये हात घालून पाहा. थर्मल ओलसर लागलं तर आधी कानटोपी काढा, मग फ्लीसची चेन उघडा, तरीही भागलं नाही तर फ्लीस उतरवा. थांबल्यावर क्रम उलटा: टेकण्याआधी, पाणी पिण्याआधी जॅकेट अंगात. त्यासाठी ते सॅकमध्ये सगळ्यांत वर हवं आणि बाकी सगळ्या कपड्यांवरून चढेल इतकं सैलही.

‘आत सुती बनियन.’ जानेवारीत कळसूबाईला सुती टी-शर्ट चालून जातो, कारण दुपारच्या उन्हात तो वाळतो. बर्फात तो वाळत नाही, घाम धरून ठेवतो आणि कातडीला चिकटतो. जीन्सचंही तेच. मेरिनो लोकर उत्तम, कारण ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश दमटपणा शोषूनही ऊब देते. ती परवडत नसेल तर पॉलिएस्टरचं थर्मल घ्या, पण दोन जोड घ्या. एक चालायचा, दुसरा फक्त झोपायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. कॅम्पवर पोचताच, अंग तापलेलं असतानाच, आतले कपडे आणि मोजे बदला. नंतर बदलू म्हटलं की थंडीपुढे हिंमत होत नाही.

‘मोज्यांचे तीन जोड.’ बूट तोच ठेवून मोजे वाढवले की पाय आवळला जातो, रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि बोटं गारठतात. एक पातळ मोजा, वरून एक जाड लोकरीचा, आणि बूट घालून आत सगळी बोटं हलली पाहिजेत. बूट घेतानाच हे दोन्ही मोजे घालून माप बघा. बर्फ बुटात जाऊ नये म्हणून गेटर, म्हणजे बूट आणि पोटरीवर चढवायचं आवरण, हवेतच.

‘डोक्यातून निम्मी उष्णता जाते.’ डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग आहे आणि उष्णताही साधारण तेवढ्याच प्रमाणात जाते. कानटोपी हवीच, पण तिच्या भरवशावर हातांकडे दुर्लक्ष नको. आत पातळ हातमोजा आणि वरून जलरोधक मिटन घ्या. मिटनमध्ये बोटं एकत्र राहतात, म्हणून ती सुट्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा ऊबदार. एक कोरडा जोड राखीव ठेवा, कारण बर्फात टेकलेला हात भिजतोच.

‘थोडी रम.’ दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब आल्यासारखं वाटतं, पण आतली उष्णता बाहेर पडून शरीराचं तापमान उतरतं. कुडकुडणं, म्हणजे शरीराची स्वतःची शेगडीही, त्याने मंदावते. तंबूत शेगडी पेटवणं याहून वाईट: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे: गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. झाकण घट्ट असल्याची खात्री करा आणि बाटलीवर मोजा चढवा. सकाळी प्यायला न गोठलेलं पाणीही मिळतं.

शिखराच्या दिवशी पहाटे अंधारात निघावं लागतं. समोरच्या स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ या शिखरांवर ऊन पडताना पाहायचं असेल, तर तोवर बोटं शाबूत हवीत. चालताना बोटं बधिर झाली तर लगेच लीडरला सांगा. बर्फाने चोळू नका, आगीजवळ धरू नका, कारण बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. बोटं पांढरी, कडक पडली असतील तर कॅम्पवर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा, आणि तेही पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच.