रिचर्ड वॉरनची राजघराण्याची वंशावळ टिकत नाही

वंशावळींच्या जगात एक साखळी वर्षानुवर्षं फिरते आहे: १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेतल्या प्लिमथला उतरलेला रिचर्ड वॉरन इंग्लंडमधल्या सरेच्या वॉरेन अर्लांच्या (म्हणजे सरदारांच्या) घराण्यातला, त्या घराण्याची मूळ माता गुंड्रेड ही इंग्लंडचा राजा विल्यम द कॉन्करर याची मुलगी, म्हणून वॉरनचे सगळे वंशज राजवंशी. सोबत बायकोचं नावही दिलेलं असतं, एलिझाबेथ जूएट.

आधी गुंड्रेड. तिचा मुलगा, दुसरा अर्ल, राजा पहिल्या हेन्रीच्या अनौरस मुलीशी लग्न करू पाहत होता. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी राजाला पत्र लिहून हरकत घेतली: दोघं एका बाजूने चौथ्या आणि दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत नात्याचे आहेत. हेन्री तर कॉन्कररचाच मुलगा. गुंड्रेड त्याची बहीण असती, तर ही दोघं सख्खी आते-मामे भावंडं ठरली असती आणि अँसेल्मनी तेच पहिल्यांदा लिहिलं असतं. गुंड्रेड ही फ्लेमिश सरदार गेर्बोडची बहीण होती.

आडनावाच्या आधाराचं काय? शेवटचा वॉरेन अर्ल १३४७ मध्ये औरस वारस न ठेवता वारला. त्यानंतर इंग्लंडात वॉरन आडनावाचे लोक ढिगाने सापडतात, पण आडनाव जुळलं म्हणजे कूळ जुळलं असं होत नाही. हे आपल्याकडे कुठल्याही शिंदे-जाधवाला विचारा.

खरी मजा बायकोच्या बाबतीत आहे. हर्टफर्डशरमधल्या ग्रेट अ‍ॅमवेलला १६१० मध्ये रिचर्ड वॉरनचं लग्न एलिझाबेथ वॉकरशी झालं. तिचे वडील ऑगस्टिन वॉकर यांनी १६१३ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात मुलगी एलिझाबेथ वॉरन आणि तिच्या तीन मुली आहेत: मेरी, अ‍ॅन, सारा. दहा वर्षांनी, १६२३ मध्ये, ‘अ‍ॅन’ जहाजाने वॉरनची बायको पाच मुलींसह प्लिमथला पोहोचली. त्यांतल्या थोरल्या तिघी मेरी, अ‍ॅन आणि सारा. धाकट्या एलिझाबेथ आणि अ‍ॅबिगेल. एवढी नावं योगायोगाने जुळत नाहीत. जूएट गेली ती गेलीच. (तरी अजून ती कित्येक वंशवृक्षांवर ठाण मांडून आहे.)

उरले वॉरनचे आईवडील. साखळीत क्रिस्टोफर वॉरन आणि अ‍ॅलिस वेब ही जोडी ठोकून दिलेली असते, पण त्यांना वॉरनशी जोडणारा एकही समकालीन कागद कुणी दाखवलेला नाही. त्या काळच्या छापील वृत्तांतात त्याची ओळख फक्त ‘लंडनचा’ एवढीच आहे. युलिसिस ग्रँट आणि फ्रँकलिन रूझवेल्ट हे दोन राष्ट्राध्यक्ष त्याचे वंशज, हे मात्र खरं. त्यांची साखळी रिचर्डपर्यंत पक्की आहे. त्याच्या पलीकडे जायला आधी त्याच्या बापाचं नाव लागेल.