खुलासा: कार्नेगी हॉलची टेप नाईमाची नव्हे

जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चार वादकांच्या चमूची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल कोल्ट्रेनची पत्नी नाईमा हिने घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवली, असं मी मागे लिहिलं होतं. ते चुकलं. आता तो मजकूर माझ्या नावाशिवायही फिरतोय, म्हणून हे लिहितोय.

२९ नोव्हेंबर १९५७ ची ती मैफल 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी सरकारी रेडिओने ध्वनिमुद्रित केली. टेप लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून होत्या. २००५ साली त्यांचं डिजिटायझेशन चालू असताना तिथले कर्मचारी लॅरी ॲपेलबॉम यांच्या हाती एक खोकं आलं, त्यावर हाताने लिहिलेलं: 'टी. मंक'. त्याच वर्षी अल्बम आला.

नाईमाची टेप खरी आहे, पण ती न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमधली, १९५८ ची. ती १९९३ मध्ये प्रकाशित झाली. मी दोन्हींची सरमिसळ केली. अल्बमवरची वादकांची नावं पाहिली असती तरी कळलं असतं: कार्नेगीत ड्रमवर शॅडो विल्सन, क्लबमध्ये रॉय हेन्स. आवाजातही फरक आहेच. क्लबची टेप धूसर, कार्नेगीची लख्ख.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा जोडा.