गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो? साफ खोटं!

आत्याच्या स्तनात गाठ आहे. मॅमोग्राफी झाली, डॉक्टरांनी ट्रूकट बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) सांगितली, आणि आदल्या रात्री तिने नकार कळवला. कारण सिडकोतल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज: 'गाठीला सुई लावू नका, झोपलेला कॅन्सर जागा होतो. साखर सोडा, गरम लिंबूपाणी प्या, गाठ विरघळते.' नाशिकरोडच्या मावशीनेही तोच पाठवला. आता गप्प बसवत नाही.

आधी सुई. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई घालतात, टक्क आवाज होतो आणि दोऱ्याएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतो. गाठ साधी फायब्रोअ‍ॅडिनोमाची की कॅन्सरची, हे तोच तुकडा सांगतो. कॅन्सर असेल तर त्याच्या पेशींवर ईआर, पीआर (हार्मोनचे ग्राहक) आणि हर-टू हे प्रथिन आहे का, ते तपासतात. हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील की दुसरं औषध, ते त्यावर ठरतं. तुकडाच नाही तर डॉक्टरांनी उपचार कशावर ठरवायचे?

आता सुईने आयुष्य घटतं का, ते बघू. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये 'गट' (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. आधी सुईने तपासणी झालेल्यांच्या जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले तो काळ) २२ महिने, न झालेल्यांचा १५. सुईने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही, पण घटतं म्हणणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. 'अमक्याची बायोप्सी झाली आणि तो गेला' असं सगळे सांगतात. अहो, तो कॅन्सरने गेला, आणि कॅन्सर सुईच्या आधीपासून होता.

एक मान्य करावं लागेल. सुईच्या वाटेत पेशी सांडल्याच्या नोंदी आहेत, यकृताच्या कॅन्सरमध्ये जरा जास्त. वृषणात कॅन्सरचा संशय असेल तर सुई घालतच नाहीत, जांघेतून वृषण काढून तपासतात. म्हणजे कुठे जपायचं हे डॉक्टरांना ठाऊक असतं. स्तनाच्या गाठीला सुईनेच तपासणं ही जगभरची रीत आहे.

साखर तर शरीरातली प्रत्येक पेशी वापरते. ती सोडून गाठ उपाशी मरत नाही. लिंबाने रक्ताची आम्लता बदलत नाही, तिचं माप म्हणजे पीएच ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, ते काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. लिंबूपाणी खुशाल प्या, पण तपासणी टाळून नको.

नाशिकच्या रिपोर्टवर विश्वास नसेल तर पॅथॉलॉजीतून तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि त्याची काचेची स्लाइड मागून घ्या, मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये पुन्हा तपासून घ्या. पण त्यासाठीही आधी तुकडा काढावाच लागतो, आत्या.