मिठाच्या वाटेने, सायकलवर, एकटीने

उत्तर जर्मनीतली जुनी हान्झा शहरं, म्हणजे मध्ययुगातल्या ‘हान्झा’ या व्यापारी संघातली शहरं, बघायची असतील तर सायकलने बघा, आणि जमत असेल तर एकट्याने बघा. परतल्यापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगते आहे. मीठ, मासे, धान्य, मेण, लाकूड यांच्या व्यापाराने ही शहरं कित्येक शतकं एकमेकांना बांधलेली होती. बसने एका चौकात उतरायचं, फोटो काढायचे आणि दुसऱ्या चौकात उतरायचं, यात चौक दिसतात, पण त्यांना बांधणारी वाट झोपेत निघून जाते. माझ्या मते इथे बघण्यासारखं निम्मं त्या वाटेवरच आहे.

सुरुवात ल्यूनेबुर्गपासून करा, असा माझा आग्रह आहे. बहुतेक जण थेट ल्यूबेकला जातात आणि गोष्ट मधूनच वाचतात. ल्यूनेबुर्गच्या पोटात मिठाचा प्रचंड साठा आहे. आपल्या मिठागरात ऊन काम करतं; इथे तेवढं ऊन कुठून येणार? म्हणून जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं आणि शिशाच्या मोठ्या पसरट कढयांत आटवायचं. या मिठाचा पहिला लेखी उल्लेख ९५६ सालचा आहे, आणि कारखाना बंद झाला १९८० मध्ये. एवढं मीठ उपसल्यावर वरची जमीन खचणारच. जुन्या वस्तीतली घरं कलली आहेत, दारांच्या चौकटी तिरक्या झाल्या आहेत. तिथलं सेंट लाम्बर्टी चर्च तर १८६०-६१ मध्ये पाडावंच लागलं. सायकल हातात धरून त्या गल्ल्यांतून चालताना पायाखालची जमीन खरोखर वरखाली होत असल्याचं जाणवतं. ज्या संपत्तीवर गाव उभं राहिलं, तिच्याचमुळे ते खचत गेलं.

एवढं मीठ जायचं कुठे? हेरिंग माशात. आज स्वीडनच्या दक्षिणेला असलेला स्कोन प्रांत तेव्हा डेन्मार्ककडे होता. तिथल्या किनाऱ्यावर शरद ऋतूत हेरिंगच्या झुंडी यायच्या. हा मासा झटकन नासतो, पण मीठ लावून पिंपात भरला की महिनोन्महिने टिकतो. आणि गिऱ्हाईक तर अख्खा ख्रिस्ती युरोप, कारण उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासा चालायचा. ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनी एका टोकाचं मीठ आणि दुसऱ्या टोकाचा मासा यांची गाठ घातली आणि त्यावर शहर श्रीमंत केलं.

हे मीठ आधी बैलगाड्या-घोडागाड्यांनी जायचं. १३९८ मध्ये श्टेक्निट्झ कालवा पुरा झाला आणि ते नावांनी जाऊ लागलं. आज त्या जुन्या वाटेवर सायकलमार्ग आहे. लाउएनबुर्गला एल्बं नदी ओलांडायची आणि मग १९०० साली खुल्या झालेल्या नव्या कालव्याच्या कडेकडेने उत्तरेला जात राहायचं. चढ जवळपास नाही. मी गेले तेव्हा मे महिना होता. दोन्ही बाजूंना रेपसीडची पिवळीधमक शेतं, म्हणजे आपल्या मोहरीचीच भावकी. एक मालवाहू नाव बराच वेळ माझ्या सोबतीला होती. तिचा वेग आणि माझा वेग साधारण सारखाच. नावाड्याने एकदा हात केला, मीही केला. तेव्हा मनापासून वाटलं, या प्रदेशाचा खरा वेग हाच आहे.

ल्यूबेकमध्ये सगळी गर्दी होल्स्टेनटोरसमोर असते. १४६४ ते १४७८ मध्ये बांधलेली ही वेस देखणी आहे, वाद नाही. पण तिला खेटून त्रावं नदीच्या काठावर विटांच्या उंच, निमुळत्या इमारती आहेत. ती मिठाची गोदामं. ल्यूनेबुर्गहून सायकल मारत आलेल्या माणसाला ती बघून गलबलून येतं. बसमधून उतरलेल्यांची नजर त्यांच्यावरून सरकून जाते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

विटांबद्दल बोलायलाच हवं. हिमयुगाने घडवलेल्या या मैदानात बांधकामाच्या दगडाच्या खाणी जवळपास नाहीतच. आहे ती माती. म्हणून चर्चही भाजलेल्या विटांची. ल्यूबेकच्या मारियनकिर्शंचं, म्हणजे मेरीच्या चर्चचं, छत साडेअडतीस मीटर उंच आहे, तेही विटांचंच. १७०५ साली जर्मन संगीतकार बाख, तेव्हा तरुण, आर्नश्टाटहून चारशेच्या वर किलोमीटर चालत इथे आला होता, बुक्स्टेहूडंचं ऑर्गनवादन ऐकायला. रजा चार आठवड्यांची होती, राहिला काही महिने. मला हे पूर्ण पटतं.

याच चर्चवर १९४२ च्या मार्चमध्ये, २८-२९ च्या रात्री बॉम्ब पडले. आगीत मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या. त्या आजही तशाच, फुटलेल्या, वितळलेल्या, जमिनीत रुतलेल्या ठेवल्या आहेत. चर्च पुन्हा बांधलं, घंटा उचलल्या नाहीत. मी तिथे किती वेळ बसले कोण जाणे. एकटं असण्याचा खरा उपयोग मला तिथे झाला. कुणी घड्याळ दाखवलं नाही, कुणी “झालं का?” विचारलं नाही.

पुढे त्रावंमुंडंला फेरीबोटीने पलीकडे प्रिवालला उतरलं की थोड्याच अंतरावर पूर्वीची पूर्व-पश्चिम जर्मनीची सरहद्द लागते. आता तिथे झुडपं आहेत, वाळू आहे, सहलीला आलेली कुटुंबं आहेत. सायकल न थांबवता सरहद्द ओलांडता येते, यावर माझा क्षणभर विश्वास बसेना. पुढे क्यूलुंग्सबोर्नला किनाऱ्यावर पहाऱ्याचा एक मनोरा मात्र मुद्दाम जपून ठेवला आहे. समुद्रमार्गे पळून जाणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांवर पूर्व जर्मनीचं सरकार तिथून नजर ठेवायचं.

विस्मारमध्ये मी सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले. तिथलंही मारियनकिर्शं युद्धात जखमी झालं होतं, पण मुख्य इमारत सुरुंग लावून उडवली ती युद्ध संपल्यावर, १९६० साली, पूर्व जर्मनीच्या सरकारने. उरला तो ऐंशी मीटरचा मनोरा. खालच्या मोकळ्या जागेत चर्चचा आराखडा बुटक्या विटांच्या भिंतींनी दाखवला आहे. शेजारच्या सेंट गेओर्गन चर्चचेही युद्धानंतर अवशेषच उरले होते, पण १९९० नंतर लोकांनी ते चिकाटीने उभं केलं. दोन्ही एकाच दुपारी बघा. राज्यकर्ते काय पाडतात आणि गावकरी काय उभारतात, ते तिथे शेजारी शेजारी दिसतं.

रोस्टॉकला मी एकच रात्र राहिले. तिथलं १४७२ सालचं खगोलीय घड्याळ चुकवू नका, एवढंच सांगते.

श्ट्रालझुंडच्या मारियनकिर्शंचा मनोरा एके काळी १५१ मीटर उंच होता, जगातल्या सगळ्या इमारतींत उंच. १६४७ मध्ये वीज पडून तो जळाला. आजचा १०४ मीटरचा आहे. याच शहरात १३७० साली हान्झाच्या व्यापाऱ्यांनी डेन्मार्कच्या सत्तेला तह करायला लावला. हान्झाला ना राजा होता ना कायमचं सैन्य. तिची शेवटची सभा १६६९ मध्ये भरली, तरी आजही ल्यूबेकच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘एचएल’ असतं आणि श्ट्रालझुंडच्या ‘एचएसटी’. पहिला ‘एच’ हान्झाचा.

जाणार असाल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जा. वारा बहुतेक वेळा पाठीशी राहतो. जुन्या गावांतली दगडी फरसबंदी हाडं खिळखिळी करते, म्हणून जरा रुंद टायरची सायकल घ्या. लोकल गाड्यांत सायकल चढवता येते, फक्त तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं. बायकांनो, एकटीने जायची भीती वाटत असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. मुक्काम कुठे केले, कुठला रस्ता संध्याकाळी टाळला, सगळं सविस्तर सांगेन.